मुका बार

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं की डाव्या हाताला एक टेकडी लागते. लांबून चांगली गोल, गवताळ दिसते. जवळ गेलं की कळतं, तिला अर्धं अंगच नाही. ते अर्धं अंग आम्ही नेलं. सुरुंगानं उडवलं, घणानं फोडलं, क्रशरमध्ये घालून त्याची खडी केली आणि ट्रक भरभरून नाशिकला पाठवली. त्यामुळे या शहरात मी पाहुण्यासारखी कधी वावरत नाही. इथल्या कितीतरी रस्त्यांच्या पोटात आणि बंगल्यांच्या पायांत आमचा दगड आहे. रिक्षा खड्ड्यात आदळली, की शेजारच्या बाईला मी सांगून टाकते, "हा रस्ता आमचा नव्हे. आमची खडी अशी उखडत नाही."

खाण म्हटलं की लोक आधी विचारतात, "कशाची? कोळशाची?" दगडाची म्हटलं की त्यांचा उत्साह मावळतो. मला त्याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. शाळेत दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगते, की मी दगडखाणीवर वाढले आणि मोजायला तिथंच शिकले. मी गणिताची शिक्षिका आहे. मोजणीत माझी चूक सहसा होत नाही. एकदा झाली, आणि तीच सांगायची आहे.

खाणीच्या पायथ्याशी तीसेक घरांची वस्ती होती. वर पत्रे, खाली दगडी जोती, मध्ये कुडाच्या भिंती. वस्तीला नाव नव्हतं. पाकिटावर तालुका आणि पुढे नुसतं 'खाण' लिहिलं, तरी पत्र पोचायचं. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला आमच्या देवीची घुमटी, आणि सगळ्यांपासून लांब, एकटी, सुरुंगाची दारू ठेवायची जाड भिंतींची दारूखोली. तिच्या आसपास खेळलं तर मार बसायचा. एरवी कशालाही मार बसत नसे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, खाणीवरचे सुरुंगवाले. कड्याला होल मारायचं काम दुसऱ्यांचं. त्या होलात जिलेटिनच्या कांड्या सोडायच्या, कांडी उडवणारी टोपी बसवायची, वातीचं शेपूट बाहेर ठेवून तोंड मातीनं ठासायचं आणि शेवटी एकेका वातीला बत्ती द्यायची, हे काम अण्णांचं. वाती लहानमोठ्या ठेवायच्या, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. मोजणं महत्त्वाचं, कारण जितके ठासले तितके उडाले की नाही, हे कळायला दुसरा मार्ग नाही. धुरळ्यात डोळ्यांना काही दिसत नाही.

सकाळी निघताना अण्णा उंबऱ्याशी थांबायचे आणि आईला आकडा सांगायचे. "आज नऊ." किंवा, "आज सात." दोघांचं त्याहून जास्त बोलणं सकाळी होत नसे. आई अंगणातून तेवढे खडे वेचून ओटीत घ्यायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा ठणठण वाजायचा, कुणीतरी "बार हाय, बार!" अशी लांब आरोळी द्यायचं, आणि सगळी वस्ती चिडीचूप व्हायची. तान्ही पोरं छातीशी धरली जायची. एकदा दोघी जणी विहिरीवर कडाकडा भांडत होत्या. रूळ वाजला तशा शिवीच्या मध्येच थांबल्या. बार संपले आणि एकीनं ती शिवी उरलेल्या अर्ध्या शब्दापासून पुढे पुरी केली.

पहिला बार उडाला की आई एक खडा अंगणात टाकायची. दुसऱ्याला दुसरा. ओटी रिकामी झाली, की उभी राहून कड्याकडे तोंड करून ओरडायची, "झाले!" त्यानंतरच माणसं जागची हलायची. मोजायचे तसे सगळेच, पण शेवटचा शब्द आईचा. ठेकेदारसुद्धा तिच्या 'झाले'शिवाय कड्याकडे पाऊल टाकत नसे. तिच्या कानाला दोन बारांमधलं अंतर कळायचं, कोणता बार खोल होता आणि कोणता वरवरचा, तेही कळायचं. तो मान तिला कुणी देऊ केला नव्हता. तिचं कधी चुकलं नाही, म्हणून तो तिच्याकडे आला.

ओटीत खडा उरला, तर मात्र कुणी हलायचं नाही. न उडालेल्या बाराला खाणीवर मुका म्हणायचे. परक्या माणसाला हा शब्द ऐकून हसू येईल. आम्हालाही यायचं. एखाद्या सुरुंगवाल्याच्या हातून बार मुका गेला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला विहिरीवर विचारणा व्हायची, "काल तुझ्या मालकानं कुणाला दिला म्हणं मुका?" हसायचो, पण त्याचे नियम तोंडपाठ होते. मुक्याजवळ ठोकायचं नाही. मुक्याजवळ जाळ करायचा नाही, विडी ओढायची नाही. त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. जाताना हात-दोन हात लांबून जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर नवा होल मारायचा आणि दोन्ही एकदम उडवायचे. माझ्या लहानपणी एका विसरलेल्या मुक्यावर पहार बसली. आमच्या शेजारच्या घरातला माणूस त्या दुपारी जेवायला आला नाही. त्याची भाकरी आईनंच झाकून ठेवली होती.

अण्णांच्या हातचा बार सबंध हयातीत एकदाही मुका गेला नव्हता. हे मी सांगत नाही, ते स्वतःच सांगायचे. लग्नात, बारशात, पानाच्या दुकानात, जो भेटेल त्याला. "आपल्या हातचा मुका जात नाही." अंगावर धड सदरा नसायचा, पण हे वाक्य म्हणताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी कमी आहोत असं वाटावं. मला माझ्या बापाचा फार अभिमान होता. अजून आहे, पण त्याला आता एक टाका घातलेला आहे.

मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला असताना खाण बंद करायचा हुकूम आला. शेवटच्या दिवशी अण्णांनी आकडा सांगितला, "अकरा." रूळ वाजला. सगळे जण, अगदी ठेकेदारासकट, गप्प बसून होते आणि दोघी-तिघींचे डोळे आधीच भरले होते. मी आईच्या शेजारी बसले होते. बार उडाले, धुरळा आला, आणि आई उठली नाही. तिच्या ओटीत एक खडा होता.

"एक मुका हाय," आई म्हणाली.

अण्णा कड्याकडून आले ते हसतच. म्हणाले, "जोड होता गं. सहावा आणि सातवा एकदम उडाला." असं होतं कधी कधी. दोन वाती एकाच वेळी संपतात आणि दोन आवाजांचा एक होतो.

"जोड मला कळत नाय का?" आई म्हणाली. "जोडाला दणका जाड असतो. हे धा व्हते."

ठेकेदारानं अण्णांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. उद्यापासून कड्यावर कुणी जाणार नव्हतं. दारूखोलीला संध्याकाळी कुलूप लागणार होतं. तो म्हणाला, "सुरुंगवाला म्हणतो अकरा, तर अकरा." आईच्या 'झाले'शिवाय खाण सुटली, ती त्या एकाच दिवशी.

दिवस मावळताना अण्णा कड्याशी चपला राहिल्या म्हणून परत गेले. दुसऱ्या दिवशी सामान बांधताना मला त्यांच्या नखांत शेंदूर दिसला. विचारलं, तर म्हणाले, मारुतीला जाऊन आलो, जाताना सांगायला नको का. अण्णांना देवाधर्माचं वेड नव्हतं. पण त्या दिवशी सगळेच जण काही ना काही वेगळं वागत होते, म्हणून मीही पुढे विचारलं नाही.

आम्ही म्हसरूळच्या बाजूला खोली घेतली. मला नोकरी लागली, अण्णा एका सोसायटीत वॉचमन झाले, आणि घरात एक भांडण कायमचं राहायला आलं. आईनं तो खडा टाकला नव्हता. पदराच्या गाठीत बांधून बरोबर आणला होता. अण्णा कुणा पाहुण्यापुढे "आपल्या हातचा मुका" म्हणायला लागले, की आई स्वयंपाकघरातून यायची आणि तो खडा त्यांच्या ताटाशेजारी ठेवायची. अण्णा लाल व्हायचे. "जोड होता!" ते म्हणायचे. "धा," ती म्हणायची. पाहुण्याला काही कळायचं नाही आणि तो वरणभात भराभर संपवायचा.

मी अण्णांच्या बाजूनं होते. लाज वाटते सांगायला, पण माझं कारण गणिताचं होतं. अकरा वाती कापल्या होत्या, अकरा टोप्या संपल्या होत्या, परत एकही आली नव्हती. मी एकदा वहीत मांडून आईला समजावलं. अकरातून अकरा गेले, बाकी शून्य. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाती संपल्या म्हंजी बार उडाले व्हय?" मी हसले. तिला शिकवून उपयोग नाही, असं मी तेव्हा सहकारी बाईंना सांगितल्याचंही आठवतं.

अण्णांचं मात्र एक नवीन सुरू झालं होतं. दर शनिवारी सकाळी सायकल काढायची, पिशवीत तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी टाकायची आणि मारुतीला जायचं. ऊन असो, पाऊस असो. आई चिडवायची, "म्हातारपणी देव आठवला. पाप लय झालं वाटतं." अण्णा सायकलवर टांग मारायचे. गल्लीच्या तोंडाशी मारुती असताना सायकल कशाला लागते, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या आठवड्यात शुद्ध यायची-जायची. शुद्धीवर आले की एकच विचारायचे, "आज शनवार आहे का?" मी म्हणायची, नाही अण्णा, आज बुधवार. मग परत डोळे मिटायचे.

यंदा दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील शाळेत भेटायला आले. दिंडोरीकडचे द्राक्षबागाइतदार. सरळ माणूस, बोलायला मोकळा. मुलीच्या मार्कांचं बोलून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुमची ती खाण आता मी घेतली. आयता खड्डा आहे. थोडा कडा फोडून सारखा करतो आणि शेततळं करतो. सोमवारी पोकलेन लावतोय, ब्रेकर बसवून." त्यांना मला आनंदाची बातमी द्यायची होती. मलाही आनंदच झाला. चला, खाण कामाला आली.

रात्रीच्या जेवणाला मी आईला सांगितलं. आईनं पुढचं ताट सरकवलं.

"एक हाय अजून तिथं," ती म्हणाली.

"आई, झाली की किती वर्षं."

"दगडाला काय वर्षं? त्या मशिनीवर कुणाचं तरी लेकरू बसलं असंल." तिनं गाठ सोडून खडा माझ्या हातावर ठेवला. इतकी वर्षं हाताळून तो गुळगुळीत झाला होता. "मला घेऊन चल. रविवारी."

खरं सांगायचं तर मी तिला गप्प करायला नेलं. तिथं बागाइतदार असतील, तेच दोन शब्द सांगतील, म्हातारीचं समाधान होईल, असा माझा हिशेब. रिक्षा केली आणि गेलो.

इतक्या वर्षांत आम्ही दोघी तिकडे कधी उतरलो नव्हतो. बसमधून टेकडी दिसायची तेवढीच. पत्रे गेले होते, कूड केव्हाच मातीला मिळाला होता, पण जोती सगळी जागच्या जागी होती. बाभळींतून वाट काढत आई एकेका जोत्यापाशी थांबत होती आणि कुणाचं कोणतं ते न अडखळता सांगत होती. कुणाची चूल कुठे, कुणाची मोरी कुठे, सगळं. दारूखोलीच्या भिंती उभ्या होत्या, छत नव्हतं. आत कुणीतरी बागेच्या तारांची भेंडोळी ठेवली होती. लिंबाच्या फांदीत साखळीचा तुकडा रुतून बसला होता, झाडानं तो गिळत आणला होता. रूळ अर्थातच नव्हता. लोखंड कोण सोडतं. आमच्या जोत्यावर आई बसली. तिथून कडा समोर दिसतो. मला वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, "आपलं जोतं सगळ्यांत सरळ हाय." आणि ते होतंच.

कड्याच्या खाली पोकलेन येऊन उभा होता. बागाइतदार आणि पोकलेनचा ऑपरेटर जागा पाहत होते. ऑपरेटर पंचविशीतला, हसरा मुलगा, हातात हार आणि नारळाची पिशवी. कड्याच्या भिंतीत, छातीएवढ्या उंचीवर, एक शेंदरानं माखलेला दगड होता. चांगला परातीएवढा, शेंदराचे थरावर थर चढलेला. त्याच्यापुढे सुरगाण्याकडची एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. छाटणीच्या कामाला आलेल्या टोळीतली. तिनं नारळ न फोडता तसाच खाली ठेवला आणि पाय न वाजवता मागे सरकली.

"हे तुमच्या खाणीचं दैवत ना, बाई?" बागाइतदार म्हणाले. "उद्या सकाळी पूजा करून वर नीट ओट्यावर बसवतो. मग पहिला घाव इथंच घालायचा. इथंच कडा पुढे आलाय."

आई माझ्या मागोमाग काठी टेकत आली होती. डोळे बारीक करून तिनं दगडाकडे पाहिलं.

"इथं देव नव्हता," ती म्हणाली.

"आजी, जुना आहे हो. मजूर किती वर्षं पूजतात."

"माझं निम्मं आयुष्य गेलं हितं. आमची देवी तिकडं, विहिरीपल्याड. इथं देव नव्हता."

मी त्या सुरगाण्याच्या बाईला विचारलं, हा कोणता देव. ती हळू आवाजात म्हणाली, "मुका देव आहा, बाई. माझी पोर बोलत नाय, म्हणून आणली." मग तिनं मला देवाची शिस्त सांगितली, नवख्या माणसाला सांगतात तशी. "इथं ठोकाचा नाय. नारळबी फोडाचा नाय. जाळ कराचा नाय, विडी वढाची नाय. देवाला हात लावाचा नाय. लांबूनच जावाचा."

ती पुढे बोलत होती, पण माझ्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं. हे मला पाठ होतं. हे कुठल्या देवाचे नियम नव्हते.

"तुला हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"एक म्हातारा यं सायकलवर. दर शनवारी यं. तेल-शेंदूर तोच लावी, दुसऱ्या कुनाला लावू देत नसं. तोच सांगं, हा मुका आहा, याला जपा. आता बरीच वरसं नाय आला. मंग आम्हीच लांबून नारळ ठेवतो."

मी आईकडे पाहिलं. आई काठी टेकत आधीच मागे सरकली होती. ती माझ्या आधी समजली होती. ती नेहमीच माझ्या आधी समजते, आणि हे कळायला मला इतकं वय व्हावं लागलं.

मग मी माझा वर्गातला आवाज काढला. त्या आवाजाला पन्नास पोरं जागच्या जागी बसतात. "सगळे मागे व्हा. पिशवी तिथंच ठेव. आत्ताच्या आत्ता मागे." बागाइतदार काहीतरी म्हणू लागले, मी त्यांना बोलू दिलं नाही. लिंबापर्यंत सगळ्यांना नेलं आणि तिथं उभं राहून समजावलं. तो दगड देव नाही, ते भरलेल्या सुरुंगाचं तोंड आहे. तो ठासणारा माणूस माझा बाप होता. मुका म्हणजे न बोलणारा नव्हे, न उडालेला. बागाइतदारांनी एकदा शेंदराकडे पाहिलं, एकदा ब्रेकरच्या टोकाकडे. ऑपरेटर खाली बसला. "मी उद्या पयला घाव तिथंच घालणार व्हतो," तो म्हणाला. ते वाक्य त्यानं तीन वेळा म्हटलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची जाणकार माणसं आली, एक परवानेवाला सुरुंगवालाही आला. त्यांनी शेंदराचे थर बोटबोट खरवडून काढले. आत बसवलेला दगड, दगडामागे मातीचं ठासण, आणि ठासणातून बाहेर आलेलं वातीचं शेपूट. वात अर्ध्यात विझलेली. परवानेवाला म्हणाला, जुनी जिलेटिन जास्त वाईट, ओढायची तर नाहीच. शेजारी होल मारून उडवू. आमच्या अण्णांनी सांगितलं असतं, अगदी तेच.

मला अण्णांचा भयंकर राग आला. आधी राग आला, तो लपवणार नाही. एका वाक्यापायी, "आपल्या हातचा मुका जात नाही" एवढ्या एका वाक्यापायी त्यांनी भरलेला बार दगडात सोडला आणि बायकोला सगळ्या वस्तीपुढे खोटं पाडलं. मग सायकल आठवली. पावसात छत्री हँडलला अडकवून जाणारी. माणसं ज्या दगडाला शेंदूर दिसतो त्याच्यावर घण घालत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्याकडे कुलूप नव्हतं, पाटी लावायची तर गुन्हा कबूल करावा लागला असता. म्हणून त्यांनी देव केला, आणि पाय चालत होते तोवर दर शनिवारी त्याची राखण केली. शेवटी बुधवार आहे म्हटल्यावर डोळे मिटायचे, ते याच्यासाठी.

आईला मी हे सगळं बोलून दाखवलं. ती आमच्या जोत्यावर बसली होती. "मला सांगायला काय झालं व्हतं?" एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली, "मीबी गेले असते की. शेंदूर धरायला." तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

दुपारी सगळ्यांना लांब नेलं. रूळ नव्हता, तर पोलिसांनी शिट्टी वाजवली. सुरगाण्याची ती बाई पोरीला घेऊन आमच्या जोत्यापाशी येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता. तिला वाटत होतं, आपला देव आज मरणार. पलीकडे ऑपरेटर कानांवर हात घेऊन उभा होता. आईनं पदराची गाठ सोडली आणि खडा ओटीत घेतला. कुणी न सांगता सगळे गप्प झाले.

बार उडाला. जाड, खोल, एका होलाचा नव्हेच असा. जोत्यातून तो माझ्या पायांत आला. आई मान तिरपी करून ऐकत होती.

"जोड," ती म्हणाली. "ह्याला म्हनत्यात जोड."

मग त्या बाईच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "बोलला बघ तुझा देव."

धुरळा खाली बसत होता. परवानेवाला आणि पोलीस एकमेकांकडे बघत थांबले होते, आता जावं की आणखी थांबावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. आईनं खडा अंगणात टाकला. अंगण म्हणजे आता बाभळी आणि गवत, पण तिनं टाकला तो नेमका जिथं टाकायची तिथंच. काठी न घेता उठून उभी राहिली आणि कड्याकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "झाले!"

तेव्हा कुठे माणसं जागची हलली. मीही.